एकतर्फी कैफियत

शंकाकार : हे पुस्तक मी एका रात्रीत वाचून संपविले, आणि त्याच्याविरुद्ध माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्या आत्मकथनात एका बाईची ससेहोलपट, एका पुरुषाचे अधःपतन आणि एका राष्ट्राची सारी रीतभात सामावली आहे असे आपणांस सांगितले जाते, ते इतक्या सुखाने, पुढचे पान उलटण्याच्या इतक्या अनावर ओढीने वाचून व्हावे, याचा अर्थ मधल्या कोणा कसबी हाताने त्यातले खाचखळगे बुजवून रस्ता गुळगुळीत केला आहे. तो हात कोणाचा, हे शोधावेही लागत नाही. मिशिगनच्या बेट्टी महमूदी यांनी १९८७ साली 'नॉट विदाउट माय डॉटर' प्रसिद्ध केले ते विल्यम हॉफर या सहलेखकाच्या साहाय्याने. आणि याच हॉफरने दहा वर्षांपूर्वी, बिली हेज नावाचा अमेरिकन तरुण तुर्की तुरुंगातून कसा निसटला याची हकिकत त्या तरुणासह 'मिडनाइट एक्सप्रेस' या नावाने लिहिली होती. त्या पुस्तकावरून निघालेल्या चित्रपटाने तुर्की माणसावर अन्याय केला, अशी कबुली पुढे खुद्द हेजनेच दिली. पलायनकथेचा एक धर्म असतो, बाई : दार जितके भक्कम, तितकी सुटका थोर. म्हणून लेखक आधी दार रंगवितो, मग भिंती, मग घर, मग गल्ली, मग शहर, आणि अखेरीस ते शहर ज्या देशात आहे तो सबंध देश. कचेरीत एका पक्षाने दाखल केलेल्या कागदास कैफियत म्हणतात, निकाल म्हणत नाहीत. येथे मात्र प्रतिपक्षाला समन्स बजावण्यापूर्वीच लक्षावधी वाचकांनी हुकूमनामा लिहून टाकला, आणि त्यात आरोपी एक माणूस न राहता एक कौम होऊन बसली.

पुरस्कर्ती : कैफियत एकतर्फी असते ही काही कैफियतीविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही, भाऊसाहेब, ती तिची व्याख्या आहे. विचारायचेच असेल तर असे विचारा, की या बाईने ती दुसरीकडे कुठे दाखल करावयाची होती? १९८४ च्या ऑगस्टात, पाचव्या वर्षात असलेल्या मुलीला घेऊन, भूलतज्ज्ञ असलेल्या आपल्या इराणी पतीबरोबर, त्याच्या नातलगांना भेटण्यासाठी म्हणून ती पंधरा दिवसांकरिता तेहरानला गेली. परतण्याची वेळ आली तेव्हा पतीने सांगितले की आता परतावयाचे नाही. पारपत्रे त्याच्या हाती. तिच्या देशाची वकिलात ओलीस-प्रकरणानंतर उठून गेलेली. स्विस वकिलातीतील एक शाखा अमेरिकनांचे कामकाज पाहत होती. तेथे ती चोरून पोहोचली, तर तिला समजले की इराणी पुरुषाशी विवाह झाल्यामुळे त्या देशाच्या कायद्याने ती इराणी प्रजाजन ठरली आहे, सबब तिला बाहेर काढण्याचा अधिकार आमचा नाही. पतीच्या संमतीवाचून पत्नीला देशाची हद्द ओलांडता येत नव्हती. अपत्याच्या पालकत्वाचा शब्द पित्याचा. आता मोजा : पारपत्र, प्रजाजनत्व, हद्द, पालकत्व. या चार कलमांच्या चौकटीत जे अठरा महिने गेले त्यांत मारहाण आहे, मुलीपासून तोडून कुलपाआड ठेवणे आहे, आणि वरून इराकी विमानांचा बॉम्बवर्षाव आहे. ज्याच्या नावाने एकही दस्तऐवज उरलेला नाही अशा माणसाजवळ गोष्ट सांगण्याखेरीज काय उरते? ती गोष्ट तिने एखाद्या जाणत्या कारागिराच्या मदतीने नीट बांधून सांगितली, तर तुम्ही तिच्या नीटसपणालाच पुरावा करून तिच्याविरुद्ध रुजू करता. म्हणजे अडखळत सांगितले असते तर खोटे म्हणाला असतात, आणि सफाईने सांगितले म्हणून बनावट म्हणता!

शंकाकार : बनावट हा शब्द माझा नव्हे. तुमची चार कलमे मी बिनतक्रार मान्य करतो. माझा आक्षेप नेमका तेथूनच सुरू होतो. पुस्तकात त्या कलमांनी किती पाने व्यापली आहेत, आणि नणंदेच्या मुदपाकखान्याने किती? पाहुणे उंबरठ्याशी येताच त्यांच्या स्वागतासाठी मेंढा कापला जातो, जमिनीवर वस्त्र अंथरून पंगत बसते, उग्र वास येतात, नात्यातल्या बायका मोठ्याने बोलतात, आणि तांदळात किडे निघतात. या तांदळापाशी मी थबकलो. माझी आजी दुपारची जेवणे आटोपली म्हणजे माजघरात उजेडाकडे तोंड करून सूप घेऊन बसे. एक खेप पाखडून झाली की ती तांदूळ पितळी परातीत पसरी आणि तर्जनीच्या टोकाने एकेक सोंडा, एकेक खडा, एकेक भाताचा दाणा कडेला सारीत जाई. वर्षाच्या बेगमीला बोरिक पावडर चोळलेली असली तरी पावसाळा सरेपर्यंत किडा शिरायचा तो शिरेच. पुढ्यातल्या भातात चुकून एखादा सापडलाच, तर ताटाच्या कडेला ठेवून आम्ही पुढचा घास घेत असू. त्यावरून आमच्या संस्कृतीचे कोणी अनुमान काढील अशी भीती आम्हांस कधी वाटली नाही. आणि तरीही ते पान वाचताना मला क्षणभर शिसारी आली! ती माझी नव्हती. मिशिगनहून आलेली होती. मी तिच्या डोळ्यांनी माझ्याच आजीच्या परातीकडे पाहिले. माझ्यासारख्या दक्षिणी वाचकाची ही गत, तर ज्याने इराणी माणूस दूरदर्शनवर मुठी उगारतानाच काय तो पाहिला, त्या अमेरिकन वाचकाचे काय झाले असेल? पुढे चित्रपट निघाला तो १९९१ च्या जानेवारीत, आखाती युद्धाच्या ऐन तोंडावर. चित्रीकरण इस्राएलात, आणि इराणी पती झाला होता आल्फ्रेड मोलिना हा इंग्लिश नट. चार कलमे त्यातही असतील, नाही असे नाही. पण प्रेक्षकाच्या ध्यानात राहिला तो मेंढा.

पुरस्कर्ती : आजीची परात मला आवडली, परंतु तिने तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही, माझा होतो. ती परात तुमच्या आजीच्या मालकीची होती. तिला कंटाळा आला तर ती सूप भिंतीला टेकवून शेजारी बसावयास जाऊ शकत होती. पंधरा दिवसांच्या पाहुणीला तोच मेंढा, तीच जमिनीवरची पंगत, तोच तांदूळ मोठ्या कौतुकाचा विषय झाला असता. घरी परतून तिने मैत्रिणींना छायाचित्रे दाखविली असती. सोळाव्या दिवशी त्याच भाताची चव पालटली, कारण सोळाव्या दिवशी तो भात शिक्षेचा झाला. तुम्ही कायदा एका पारड्यात आणि स्वयंपाकघर दुसऱ्या पारड्यात घालून तोलता, पण कोंडलेल्या माणसाला कायदा दिसतो कुठे? अमुक संहितेतील अमुक कलम आज सकाळी माझ्या अंगावर धावून आले, असे कोणी बाई म्हणत नाही. तिला दिसते ती किल्ल्यांचा जुडगा कनवटीला लावून फिरणारी नणंद, तिला येतो तो त्याच त्या तेलाचा वास. आपल्या बायकांनी जात्यावर बसून शेकडो वर्षे काय गायिले? सासरची भाकरी, सासूचे बोलणे, नणंदेचा तोरा, दिराचा दरारा. वारसाहक्काच्या व्यवस्थेने आपणांस माहेरच्या जमिनीतून बेदखल केले आहे, असे एकाही ओवीत नाही. तरी प्रत्येक ओवी त्याच बेदखलीची हकिकत आहे. त्या ओव्यांनी मराठी जातीचा अपमान झाला, असे म्हणणारा समीक्षक अजून जन्माला आलेला नाही.

शंकाकार : जन्माला आला नाही, कारण ऐकणारी जात्याच्या पलीकडच्या बाजूला त्याच खुंट्याला हात घालून बसलेली असे! तीही सासुरवाशीणच. तिला ठाऊक असे की ही सासू म्हणजे सगळ्या सासवा नव्हेत, आणि सासवांच्या पलीकडेही त्या घरात पुष्कळ काही आहे. ओवी घरातली घरात राही. कैफियतीचा अर्थ ती कोणत्या कचेरीत वाचली जाते यावर ठरतो, एवढेच मला म्हणावयाचे आहे. आणि हे आपणांस नव्याने शिकावयाचे कारण नाही, कारण अशा पुस्तकातला देश होऊन बसण्याचा अनुभव आपण घेतलेला आहे. बेट्टीबाईंच्या पुस्तकाआधी बरोबर शंभर वर्षे, १८८७ साली, फिलाडेल्फियात पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' निघाले; अमेरिकन वाचकांसाठी, इंग्रजीत, आणि त्यांच्या दानशूरपणाला आवाहन करण्यासाठी. त्यातून उभ्या राहिलेल्या द्रव्यावर मुंबईत शारदासदन निघाले, ही गोष्ट खरी. पण आपल्या विधवेचे केशवपन परक्यांच्या सभागृहात उलगडून सांगितले गेले, याचा सल पुण्यातल्या कित्येक सुशिक्षितांच्या मनात राहिला, आणि ते सगळेच काही सनातनी नव्हते. पुढे १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने 'मदर इंडिया' लिहिले. गांधीजींनी त्याची गणना गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाच्या अहवालात केली. त्या अहवालातले प्रत्येक गटार खोटे होते असे त्यांचेही म्हणणे नव्हते. परंतु गटारांच्या यादीला शहराचे वर्णन म्हणणे, आणि त्या वर्णनावरून हे लोक स्वराज्याला नालायक आहेत असा निष्कर्ष साम्राज्याच्या पदरात घालणे, हे खोटे होते. इराणी वाचक बेट्टीबाईंचे पुस्तक हाती घेतो तेव्हा त्याला जे वाटते, ते आपल्या आजोबांना मेयोचे पुस्तक मिटताना वाटलेले होते. निदान आपण तरी ते समजू नये काय?

पुरस्कर्ती : समजते, पण त्याच आजोबांची दुसरीही एक पिढीजात सवय मला आठवते. रमाबाईंच्या त्याच पुस्तकात रखमाबाईंच्या खटल्याचीही हकिकत आहे. अकराव्या वर्षी लागलेले लग्न. पुढे नांदावयास नकार. १८८४ साली नवऱ्याची, दादाजी भिकाजींची, फिर्याद. पहिला निकाल रखमाबाईंसारखा झाला, वरच्या पायरीवर तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. तुरुंगात जाईन म्हणाली ती! अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. आता पाहा, या बाईने वृत्तपत्रात पत्रे लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या सहीने आणि इंग्रजी वृत्तपत्रात, कारण मराठी वृत्तसृष्टीतले मोठमोठे धुरीण तिच्या विरुद्ध बाजूला उभे होते, त्यांत 'केसरी'ही होता. घरातली गोष्ट परक्याच्या कचेरीत नेऊ नये, हे सांगणारे बहुधा तेच असतात ज्यांच्या हाती घरातली कचेरी असते. तुम्ही म्हणता ओवी घरातली घरात राहिली. राहिली खरी, आणि म्हणूनच शेकडो वर्षे गाऊनही त्या ओव्यांनी एकीचाही नांदण्याचा दावा रद्द झाला नाही. तेव्हा परक्यांना सांगितले या दोषापायी बेट्टीबाईंना हद्दपार करायचे, तर त्याच न्यायाने रमाबाई आणि रखमाबाई या दोघींनाही करावे लागेल. मेयोची गोष्ट निराळी : ती काही महिन्यांच्या दौऱ्यावर आलेली, तिच्या अंगावर कोणी हात टाकला नव्हता, तिला कोणी कोंडले नव्हते.

(लेखकाने येथे एक गोष्ट कबूल केलेली बरी. दोन्ही पक्षांना समान न्याय द्यावा या हेतूने तो हा संवाद लिहावयास बसला. पण रखमाबाईंचे नाव निघताच त्याची लेखणी पुरस्कर्तीच्या बाजूला किंचित कलते, आणि परातीची आठवण निघताच परत येते. वाचकांनी तेवढे वजन वजा करून वाचावे.)

शंकाकार : मग बेट्टीबाईंना बसवायचे कुठे, रमाबाईंच्या पंक्तीला की मेयोच्या? सोसणारी म्हणून त्या रमाबाईंजवळच्या. पाहणारी म्हणून मेयोजवळच्या. रमाबाईंनी ज्या समाजावर कोरडे ओढले त्याची भाषा त्यांना वेदपुराणांसकट येत होती. बंगाली पुरुषाशी, तेही जातीबाहेर, विवाह करून त्यांनी त्या समाजाचे आतले सगळे कोपरे आपल्या अंगाने मोजले होते. बेट्टीबाईंची फारसी कामापुरती. गंमत पाहा, आपण दोघे घटकाभर ज्या शब्दांनी भांडतो आहोत, ती कैफियत, ती फिर्याद, तो दस्तऐवज, ती हद्द, ते सारे त्याच भाषेच्या वाटेने आपल्या दप्तरात आलेले. आपणांस ते घरचे वाटतात, तिला त्या भाषेत फक्त आरडाओरडा ऐकू आला. पण माझा खरा मुद्दा याहून अडचणीचा आहे. १९८० साली हेग येथे मुलांच्या अपहरणाविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे सूत्र थोडक्यात असे, की दुसऱ्या पालकाच्या संमतीवाचून मुलाला त्याच्या नित्याच्या वास्तव्याच्या देशातून नेले, तर त्याला परत पाठवावे. इराणने तो स्वीकारला नाही, हिंदुस्थाननेही नाही. आता न्यू जर्सीत नवऱ्याचा छळ सोसून, तेथल्या कोर्टाची परवानगी न घेता, मुलाला कडेवर घेऊन पुण्याच्या माहेरी परतलेली आपली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आपण म्हणतो, बिचारी सुटून आली. तेथले कागद म्हणतात, अपहरण. कृत्य तेच, आईही तशीच, मूलही तेवढेच. विमानाची दिशा बदलली की पलायनाचे अपहरण होते! बेट्टीबाईंच्या पतीने, डॉक्टर महमूदींनीही, २००२ साली फिनलंडमध्ये निघालेल्या 'विदाउट माय डॉटर' या माहितीपटात आपल्यावरचे आरोप नाकारून हेच विचारले, की माझी मुलगी कोणी नेली? पुस्तकाच्या मानाने तो माहितीपट किती जणांनी पाहिला? मुलीची भेट न होताच २००९ साली तो माणूस तेहरानात वारला.

पुरस्कर्ती : त्या मरणाचे मलाही वाईट वाटते. तथापि ज्याने आधी कुलूप घातले आणि मग किल्ली चोरीला गेल्याची फिर्याद केली, त्याच्या फिर्यादीला मी कैफियतीच्या बरोबरीचे वजन देणार नाही. न्यू जर्सीची तुमची मुलगी मात्र मला बोचली. तिचे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच सांगते, की तिच्यामुळे माझी बाजू लंगडी पडत नाही, निराळ्या जागी जाऊन उभी राहते. भिंत इराणची नव्हती, पालकत्वाच्या कलमाची होती. आपल्याकडे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा काय म्हणतो? अज्ञान अपत्याचा नैसर्गिक पालक पिता, आणि 'त्याच्यानंतर' माता. त्या 'नंतर'चा अर्थ पिता हयात असतानाही त्याच्या अनुपस्थितीत असा घेता येईल, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते १९९९ साली. तोपर्यंत मुलाच्या नावाने रोखे घ्यावयाचे तरी आईच्या सहीवर खळखळ होत होती. तेहरान आपल्यापासून वाटते तेवढे लांब नाही. म्हणून पुस्तक वाचून जो म्हणतो 'ते लोक असेच', त्याने माझ्या मते पुस्तक वाचलेलेच नाही. त्याच पुस्तकात टेलिफोन करू देणारा दुकानदार इराणी आहे, सुटकेची सारी जुळवाजुळव जीव धोक्यात घालून करणारा गृहस्थ इराणी आहे, आणि १९८६ च्या जानेवारीअखेर बर्फातून मायलेकींना तुर्की हद्दीपार नेणारे कुर्दी वाटाडे त्याच डोंगरांतले. हे सगळे छापलेले आहे. वाचक ते ओलांडून जातो, याचा दंड लेखिकेने का भरावा?

शंकाकार : लेखिकेने नव्हे, तर कोणी? आमच्या वाचनालयातली मराठी अनुवादाची प्रत तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागच्या तक्त्यावर तारखांचे शिक्के दुसऱ्या पुरवणीपर्यंत गेले आहेत. तीत मिशिगनमधली पाने, म्हणजे त्याची माया, तिचे आजारपण, पुढे त्याची गेलेली नोकरी, इराणी क्रांतीनंतर अमेरिकेत इराणी म्हणून जगताना त्याच्यात पडत गेलेली चीर, ही पाने कोरी करकरीत. कोपरा मुडपलेला नाही की बोट उमटलेले नाही. आणि बर्फातली, घोड्यावरची, शेवटची पाने हाताळून मऊ आणि काळवंडलेली. एके ठिकाणी कोणीतरी पेन्सिलीने समासात लिहिले आहे, 'यांच्यात हे असेच.' ज्या पानावर तो माणूस चांगला होता आणि का बिघडला हे आहे, त्या पानाला वाचक नाही! मग सुटका नक्की कशातून झाली हे त्याला कळणार कसे?

पुरस्कर्ती : आणि तो का बिघडला हे कळल्याने कुलूप उघडले असते? आपल्याला नेहमीच पुरुषाच्या बिघडण्याचा इतिहास हवा असतो. तो समजून घेण्यात बायकांची आयुष्ये सरतात.

शंकाकार : तेही खरे. पण मग सुश्मिता बॅनर्जींचे काय करायचे? 'काबुलीवालार बांगाली बऊ' मराठीतही आले, आणि आमच्याकडे ते बेट्टीबाईंच्या शेजारीच ठेवलेले असते. कलकत्त्याच्या या मुलीने १९८८ साली घरच्यांच्या नकळत जाँबाझ खान या अफगाण व्यापाऱ्याशी लग्न केले, ती त्याच्या गावी गेली, तेथे पहिली बायको निघाली. तालिबानी अंमल, सासरचा जाच, पळून जाण्याचा फसलेला प्रयत्न, अखेर १९९५ साली कलकत्ता. पुस्तक गाजले, २००३ साली त्यावर हिंदी चित्रपट निघाला, त्याच्या नावातच पलायन होते. येथवर सगळे साच्यात बसते. मग ती परत गेली! त्याच नवऱ्याकडे, त्याच मुलखात. बायकांना औषधपाणी देऊ लागली, त्यांची चित्रे टिपू लागली, आणि २०१३ च्या सप्टेंबरात पक्तिका प्रांतात बंदूकधाऱ्यांनी तिला घरातून ओढून नेऊन ठार मारले. ही बातमी आली त्या आठवड्यात आमच्या वाचनालयात दोन मते झाली. एक म्हणे, 'सांगितले होते ना, ते लोक असेच.' दुसरे म्हणे, 'गेली कशाला?' तिसरे मत कोणाकडेच नव्हते. ज्या माणसाच्या घरातून पळाले त्याच माणसाशी संसार करावासा वाटू शकतो, ज्या गावाने कोंडले त्या गावच्या बायकांच्या नाड्या तपासाव्याशा वाटू शकतात, याला पलायनकथेत जागाच ठेवलेली नसते.

पुरस्कर्ती : तिच्या पुस्तकात ती जागा होती. तिचा राग सासरच्या दिरांवर, हुकूम काढणाऱ्यांवर आणि तिला तेथे टाकून हिंदुस्थानात निघून गेलेल्या नवऱ्याच्या गैरहजेरीवर अधिक. त्या नवऱ्यावरचा लोभ तिने झाकलेला नाही. मला तिचे परत जाणे तुमच्याइतके विपरीत वाटत नाही. पहिल्यांदा गेली तेव्हा तिला परत येता येत नव्हते. दुसऱ्यांदा गेली ती यायची-जायची वाट ठाऊक करून घेऊन. तोच उंबरठा, पण आता तो तिच्या मर्जीने ओलांडलेला. मारणाऱ्यांनी मारले ते त्या मर्जीलाच की आणखी कशाला, हे आपण येथे बसून कसे ठरवावे? आणि बेट्टीबाईंच्या घरीही थोडे तसेच झाले, हे तुम्ही विसरता. त्यांच्या मुलीने, माहतोबने, मोठेपणी आपले पुस्तक लिहिले. २०१५ साली ते इंग्रजीत आले. वडिलांना तिने क्षमा केली, पण भेटण्याचे नाकारले. आईची हकिकत तिने कायम केली. आणि मिशिगनच्या त्या घरात आईने नवरोजचा सण बंद पडू दिला नाही, हेही तिनेच लिहिले आहे. ज्या बाईने, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, मेंढ्यापासून तांदळापर्यंत एक सबंध मुलूख नासविला, तीच मुलीसाठी त्या मुलखाच्या वर्षारंभाचे ताट मांडते! हे तिच्या पहिल्या पुस्तकात नाही.

शंकाकार : नाही, आणि असते तर ते पुस्तक लक्षावधी खपले असते का, हे तुम्हीच सांगा.

पुरस्कर्ती : खपले नसते बहुधा. पण ते पहिले पुस्तक खपले नसते तर परदेशी बापांनी नेलेल्या मुलांच्या आयांना दाद मागायला एक ओळखीचे नाव मिळाले नसते, आणि त्या आयांसाठी ती पुढे जे झगडली तेही झाले नसते. रमाबाईंच्या पुस्तकाचा पैसा आला म्हणून शारदासदनात पहिली मुलगी शिकली. सल सोसल्यावाचून ते सदन उभे राहिले असते, अशी दुसरी वाट तुम्हांस सुचते का? मला अजून सुचलेली नाही.

शंकाकार : मलाही नाही. फक्त त्या सदनाच्या हिशेबात सलाचीही एक बाब नोंदलेली असावी, इतकेच. ती वाचनालयाची प्रत सध्या तुमच्याचकडे आहे ना?

पुरस्कर्ती : आणखी आठ दिवस आहे. खरे सांगायचे तर मिशिगनची ती कोरी पाने मीही भराभर उलटली होती. सुखाचे दिवस वाचायला बसावे इतका धीर नव्हता.

शंकाकार : आणि ती डोंगरातली काळवंडलेली पाने मी त्याच रात्री दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या हाताची तुपाची बोटेही त्यांवर उमटली असतील; हे मी मघाशी सांगितले नव्हते.